माडीवरचा जपानी वर्ग : दोन वर्षांनंतरचे परीक्षण

पणजीच्या अठरा जून रस्त्यालगत एका जुन्या इमारतीच्या माडीवर जपानी भाषेचा एक खासगी वर्ग चालतो. त्या वर्गात मी दोन वर्षे काढली, जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या (जेएलपीटी) एन-फाइव्ह आणि एन-फोर या सर्वांत खालच्या दोन पातळ्या तिथूनच दिल्या, आणि मधल्या काळात त्याच जागेत भरणारा कोरियन भाषेचा तीन महिन्यांचा प्राथमिक अभ्यासक्रमही पुरा केला. वर्गाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही कडू लिहावे लागणार आहे आणि तो चालवणारी माणसे भली आहेत. मी मराठी विषयात एम.ए. करते आहे आणि भाषाविज्ञान हा त्यातला माझ्या जिव्हाळ्याचा भाग आहे. त्यामुळे जपानमधली नोकरी डोळ्यांसमोर ठेवून वर्ग शोधणाऱ्याला या परीक्षणातील बराचसा भाग अवांतर वाटेल, हे आधीच सांगितलेले बरे.

व्यवहाराच्या गोष्टी प्रथम उरकते. आठवड्यातून तीन संध्याकाळी, साडेपाच ते साडेसात, असा वर्ग असतो. एका पातळीला साधारण आठ महिने लागतात आणि शुल्क सोळा हजार रुपये आहे. त्यात छायाप्रती मिळतात, पाठ्यपुस्तक आपले आपण घ्यायचे. आमच्या तुकडीत चौदाजण होते. म्हापशाहून येणाऱ्यांनी शटलची शेवटची गाडी कधी सुटते ते आधी पाहून ठेवावे, कारण सेन्सेईंना, म्हणजे आमच्या जपानीच्या शिक्षिकांना, घड्याळाचे भान राहत नाही आणि साडेसातचे आठ सहज होतात. पाण्याची सोय आहे, पुस्तकांचे एक कपाट आहे, आणि छतावर पत्रे आहेत. या पत्र्यांविषयी पुढे सांगायचे आहे.

सेन्सेई या वर्गाचे खरे भांडवल आहेत. गोव्यात शिक्षिकेला 'टीचर' म्हणण्याची रीत आहे, पण पहिल्याच दिवशी त्यांनी ती मोडून काढली आणि 'सेन्सेइ' या शब्दाच्या चार मात्रा टेबलावर बोटांनी वाजवून दाखवल्या : से, न्, से, इ. मी मनात लघु-गुरू मांडले. 'सेन्' गुरू, 'सेइ' गुरू, म्हणजे चार मात्रा. 'तोऽक्योऽ' हा शब्दही तसाच, दोन गुरू आणि चार मात्रा. इंग्रजीच्या सवयीने कान तयार झालेल्या माणसाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागते, कारण इंग्रजी भाषा आघाताच्या तालावर चालते; शाळेत मात्रावृत्ते मोजलेल्या मराठी मुलाला मात्र ती आयती हाताशी असते. हायकूचे पाच-सात-पाच हे गणितही मुळात अक्षरांचे नसून मात्रांचेच आहे. त्या दिवशी मला वाटले, आता ही वाट मराठीच्या अंगणातूनच जाणार.

तसे झाले नाही, आणि माझी या वर्गाविषयीची मुख्य तक्रार तीच आहे. सेन्सेईंच्या घरची भाषा मराठी, तुकडीतील चौदापैकी सहाजणांची मराठी, उरलेल्या आठांची कोंकणी. तरीही फळ्यावरचे प्रत्येक स्पष्टीकरण इंग्रजीत होत असे. पहिले तीन आठवडे तर जपानी शब्दसुद्धा रोमन लिपीत लिहिले जात होते. मी वहीत देवनागरी वापरली तेव्हा 'ती सवय लावू नकोस, पुढे त्रास होईल' असे मला सांगण्यात आले. रोमन लिपीने पुढे त्रास होतो की नाही, याचा विचार मात्र झालेला दिसला नाही. त्या लिपीत टी-एस-यू असे लिहिलेले अक्षर अर्धी तुकडी 'सु' वाचत होती आणि अर्धी 'टसु'. वास्तविक मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्याच्या तोंडात हा ध्वनी जन्मापासून असतो. 'चूक' या शब्दातला 'चू' आखूड करून म्हटला की झाले. 'चार' मधला 'च' वेगळा आणि 'चोर' मधला वेगळा, हे आपण लिहून दाखवत नाही, पण बोलताना एकदाही चुकत नाही. जपानी 'र' आपल्या 'र'सारखा जिभेचा एकच हलका टोला देऊन होतो, आणि 'फु' म्हणताना ओठांची जी ठेवण लागते ती चुलीवर फुंकर घालणाऱ्या कोणालाही शिकवावी लागू नये. हे सारे बाजूला ठेवून आम्ही इंग्रजी उच्चारांच्या जवळपास घुटमळत राहिलो.

आता न्यायाची बाब म्हणून सेन्सेईंची बाजूही मांडली पाहिजे, कारण मी ती त्यांना विचारली होती. त्या म्हणाल्या, 'तुझ्या शेजारी बसणाऱ्या सासष्टीच्या मुली कोंकणी रोमीत लिहितात. देवनागरी त्यांना शाळेतल्या हिंदीपुरती येते. मी फळ्यावर देवनागरी लिहू लागले तर त्यांना एकाऐवजी दोन लिप्या शिकाव्या लागतील.' रोमी म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, आणि सासष्टी हा दक्षिण गोव्यातला तालुका. या उत्तरापुढे मी गप्प बसले. गोव्यात लिपी ही किती नाजूक गोष्ट आहे, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. पण लिपीचा प्रश्न एक आणि समजावण्याच्या भाषेचा प्रश्न दुसरा. रोमीत लिहिणारी मुलगीही वाक्य कोंकणीतच रचते, आणि कोंकणी वाक्याची ठेवण मराठीसारखीच आहे.

ही ठेवण जपानीला किती जवळची आहे, ते मला घरी अभ्यास करताना हळूहळू कळत गेले. क्रियापद शेवटी येते आणि प्रत्यय नामाच्या मागून लागतात, एवढे तर कोणीही सांगेल. खरी गंमत धातूंच्या जोडणीत आहे. क्रियापदाचे 'ते'कारान्त रूप हा एन-फाइव्हच्या वाटेवरचा पहिला मोठा घाट असून आमच्या वर्गाने त्याच्यावर दोन आठवडे घालवले. रूपे कशी बनवायची याची घोकंपट्टी उत्तम झाली. त्यासाठीचे सेन्सेईंचे तालावरचे पाठ मला आजही झोपेत म्हणता येतील. परंतु त्या रूपाचा उपयोग सांगताना 'शिते मिरु' म्हणजे प्रयत्न करणे, '-ते ओकु' म्हणजे आगाऊ तयारी म्हणून करणे, '-ते शिमाउ' म्हणजे एखादी गोष्ट पूर्ण होणे किंवा तिचा खेद वाटणे, अशी इंग्रजी सूत्रे पाठ करायला लावली गेली. 'शिते मिरु'मधल्या 'मिरु'चा अर्थ 'बघणे', आणि 'शिते' म्हणजे 'करून'. 'करून बघ.' एवढेच आहे ते! कोंकणीत 'करून पळय'. '-ते ओकु' म्हणजे 'करून ठेवणे'. 'ओकु'चा मूळ अर्थच 'ठेवणे' असा आहे. 'वासुरेते शिमात्ता' याचा पूर्णतेचा आणि खेदाचा मिळून जो भाव इंग्रजीला दोन ओळींत सांगावा लागतो, तो 'विसरून बसले' या दोन शब्दांत येतो. 'मोत्ते इकु' म्हणजे घेऊन जाणे आणि 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे. दोन आठवड्यांचा घाट एका संध्याकाळी उतरता आला असता.

नामाला विशेषण म्हणून जोडलेल्या वाक्याचेही तेच. 'मी काल घेतलेलं पुस्तक' हे शब्द आहेत त्याच क्रमाने जपानीत ठेवले की 'वाताशि गा किनोऽ कात्ता होन' असे निर्दोष रूप तयार होते. आम्ही मात्र आधी इंग्रजीतले 'विच' घातलेले वाक्य रचायचो, मग ते उलटे करायचो, आणि उलटे करताना कर्ता कुठेतरी सांडायचा. 'वा' आणि 'गा' या दोन अव्ययांमधला फरक हा जपानी व्याकरणातला सर्वांत चर्चिलेला विषय आहे. 'झोऽ वा हाना गा नागाइ' हे वाक्य त्या चर्चेत हमखास येते, आणि 'हत्तीचं म्हणाल तर नाक लांब' हे त्याचे मराठी रूप मला सुचले तेव्हा मी रात्री अकराला सेन्सेईंना संदेश पाठवला. त्यांचे उत्तर आले : एक हसरा चेहरा आणि 'झोपा आता'.

वर्गातील एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण त्यात शिकवण्याचे गुण आणि दोष एकत्र दिसतात. जपानी अक्षरमाला 'आ, इ, उ, ए, ओ' अशी सुरू होते आणि पुढे 'का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा' या ओळींनी जाते. सेन्सेईंनी ही माळ फळ्यावर मांडली आणि अक्षराच्या डोक्यावर दोन लहान रेघा दिल्या की 'का'चा 'गा' होतो, 'ता'चा 'दा' होतो, हे सांगितले. मग 'हा'वर त्याच रेघा दिल्या आणि त्याचा 'बा' झाला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'हा'चा 'बा' कसा? सेन्सेई म्हणाल्या, 'तसाच. पाठ करा.'

पाठ केले. पण या 'तसाच'च्या मागे जे दडले आहे ते मराठी विद्यार्थ्यापासून लपवणे म्हणजे आपल्याच घरातली वस्तू आपल्याला न दाखवण्यासारखे आहे. ही अक्षरमाला ज्या क्रमाने लावली आहे तो क्रम भारतीय वर्णमालेचा आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम् ही संस्कृत लिहिण्याची भारतीय लिपी चीनमार्गे जपानला गेली. कूकाई या भिक्षूने ८०६ साली चीनहून परतताना तिचे ज्ञान सोबत नेले, आणि ती लिपी अभ्यासणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेतून जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला. क, च, ट-त, न, प, म, य, र, व हे मनात म्हणून पाहावे. 'च'च्या जागी 'सा' आहे आणि 'प'च्या जागी 'हा'. कारण आजचा जपानी 'हा' पूर्वी 'पा' होता. क-ग, त-द, प-ब या अघोष-घोष जोड्या आपण दुसरीत शिकतो. जपानी माणूस त्या रेघांनी तेच करतो, फक्त मधल्या शतकांत त्याचा 'प' ओठांवरून निसटून 'फ'वरून 'ह'वर आला.

आणि तो 'फ'वर असतानाची साक्ष गोव्यात सापडते, हे मला याच दोन वर्षांत कळले. सोळाव्या शतकात चार जपानी कुमारांचे एक शिष्टमंडळ युरोपला गेले होते. ते १५८२ साली नागासाकीहून निघाले आणि जाताना व येताना दोन्ही वेळा गोव्यात थांबले. परतीच्या मुक्कामात, १५८७ साली, त्यांच्यापैकी हारा मार्तिन्यो याने इथे लॅटिनमध्ये भाषण केले आणि दुसऱ्या वर्षी ते गोव्यातच छापले गेले. त्याच्या शीर्षकात त्याचे आडनाव 'हारा' नाही, 'फारा' असे आहे. जेझुइट पाद्र्यांनी नागासाकी येथे १६०३ साली प्रसिद्ध केलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशातही 'निहोन' नाही, 'निफोन' आहे. जपानी लोकांनी स्वतः लिहिलेल्या अक्षरांतून हा बदल दिसत नाही, कारण अक्षर तेच राहिले आणि उच्चार बदलला. परक्या कानांनी परक्या लिपीत जे ऐकले ते टिपले, म्हणून आज तो दिसतो. म्हणजे ज्या रोमन लिपीवर मी वर इतकी रागावले, तिनेच हा पुरावा जपून ठेवला.

मी हे एका शनिवारी वर्गात सांगितले. सेन्सेईंनी पाठ बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, 'पुढच्या आठवड्यात हेच जपानीत सांग.' हा त्यांचा गुण. आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट विद्यार्थिनीने सांगितली म्हणून त्या दुखावल्या नाहीत, उलट तिच्यातून त्यांनी काम काढले. मी पुढच्या रविवारी जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजची एकटी उरलेली कमान पाहून आले आणि बारा वाक्यांचे भाषण तयार केले. विषय घेतला अंजिरोचा. हा कागोशिमाचा माणूस एका खुनाच्या प्रकरणातून पळाला, मलाक्क्याला फ्रान्सिस झेवियरला भेटला, १५४८ साली गोव्यात ख्रिस्ती झाला आणि याच कॉलेजात शिकला. पुढच्या वर्षी झेवियर जपानला गेला तो अंजिरोलाच दुभाषा म्हणून घेऊन. तुमची लिपी आमच्यासारखी का नाही, असे झेवियरने त्याला विचारल्याचे झेवियरच्याच पत्रात आहे. अंजिरोने उलट विचारले, तुम्ही आमच्यासारखे का लिहीत नाही? माणसाचे डोके वर असते आणि पाय खाली, मग लिहिणेही वरून खालीच यायला हवे. हे शेवटचे वाक्य मला '-बेकि'चे ('करायला हवे' अशा अर्थाचे) रूप न आल्यामुळे नीट बांधता आले नव्हते. सेन्सेईंनी ते तिथल्या तिथे शिकवले, अभ्यासक्रमाच्या दोन पातळ्या आधी, आणि ते मी कधीच विसरणार नाही.

आदरार्थी बोलण्याचा पाठ मात्र असा सुटला नाही. दूरध्वनीवरचा संवाद बसवायचा होता : समोरचा विचारतो, वडील आहेत का? आमच्यातल्या सगळ्यांनी वडिलांसाठी आदराची रूपे वापरली आणि सगळे चुकले. परक्याशी बोलताना आपल्या माणसाचा उल्लेख खालच्या पायरीवरून करायचा, 'ओतोऽसान' न म्हणता 'चिचि' म्हणायचे, हा जपानी नियम आहे. आपण कोणाही पाहुण्याला 'बाबा बाहेर गेलेत' असेच सांगतो. 'बाबा बाहेर गेलाय' म्हणणाऱ्या मुलीला आजीकडून धपाटा मिळेल. चूक का होते हे त्या तासाला कोणी सांगितले नाही, फक्त लाल रेघ मिळाली. त्याचा उलगडा मला कोरियनच्या वर्गात झाला. कोरियनमध्ये वडील परक्यासमोरही वडीलच राहतात आणि आदराची रूपे तशीच टिकतात. जपानी आदर समोर कोण आहे त्यावर ठरतो, कोरियन आदर नात्यावर ठरतो, आणि या बाबतीत मराठी घर सोलच्या घराला अधिक जवळचे आहे. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, एक सोमवारी आणि एक मंगळवारी भरत असताना ही तुलना कोणी करू नये, याचे मला नवल वाटते.

कोरियनच्या वर्गाबद्दल आणखी थोडे. तिथे वेगळे, तरुण शिक्षक आहेत आणि गर्दी दुप्पट आहे, अर्थात मालिकांमुळे. चार तासांत हांगुल लिपी येते ही जाहिरात खरी ठरली. पण ती शिकवण्यासाठी जी चित्रे दिली जातात (पहिले व्यंजन 'ग' म्हणजे 'गन', कारण अक्षर बंदुकीसारखे दिसते) ती पाहून मला वाईट वाटले. ही लिपी राजा सेजोंगच्या काळात १४४३ साली तयार झाली आणि १४४६ साली जाहीर झाली. तिच्याबरोबरच्या स्पष्टीकरणात अक्षरांचे आकार कसे ठरवले ते लिहून ठेवले आहे. ते 'ग'चे अक्षर बंदूक नाही, घशाकडे उचललेल्या जिभेचे चित्र आहे. 'न' म्हणजे दातांमागे टेकलेले जिभेचे टोक, 'म' म्हणजे तोंड, 'स' म्हणजे दात. महाप्राण करायचा तर एक रेघ वाढवायची. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णांची खोली-खोली करून राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सांगितले तर लिपी एका तासात येईल आणि जन्मभर राहील. उच्चारांत मात्र आपल्यालाही कष्ट पडतात. कोरियनमध्ये साधा, महाप्राण आणि ताणलेला असे तीन पदर आहेत. 'ख' आपल्याला फुकट मिळतो, ताणलेला 'क्क' शब्दाच्या आरंभी आणताना जबडा दुखतो. जिथे मराठी पुरत नाही तिथे ती पुरत नाही असे सांगावे, एवढीच अपेक्षा.

जपानीच्या बाबतीतही मराठी काही ठिकाणी दगा देते आणि त्या ठिकाणी हा वर्ग तोकडा पडतो. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकूच्या वयाची बाई आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. आपल्याकडे 'आ' हा एकच लांबीचा असतो, तो आणखी लांबवून अर्थ बदलत नाही. 'आईऽऽ' अशी हाक मारली तरी आई तीच राहते. त्यामुळे आम्ही कित्येक तरुण बायकांना आजी केले. स्वरांच्या चढउताराचा तर वर्गात उल्लेखच झाला नाही. 'हाशि' हा शब्द सुराच्या फरकाने पूलही होतो आणि जेवणाच्या काड्याही, हे मला दुसऱ्या वर्षी स्वतःच्या वाचनात कळले. मी विचारले तेव्हा 'परीक्षेत येत नाही' असे उत्तर मिळाले. ते खरे आहे. या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते, लिहिण्याचीही नसते. सगळे पर्याय निवडण्याचे काम. पण शुल्क भरताना मी परीक्षा विकत घेते आहे असे मला वाटले नव्हते.

आणि परीक्षेचाच निकष लावायचा, तर तिथेही पत्र्यांचा प्रश्न येतो. एन-फाइव्हला एकूण १८० पैकी ८० गुण लागतात, परंतु ६० गुणांच्या श्रवणाच्या भागात किमान १९ मिळाले नाहीत तर एकूण कितीही असले तरी उमेदवार अनुत्तीर्ण होतो. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. जुलैच्या परीक्षेची श्रवणाची तयारी जूनमध्ये होते, आणि गोव्यातला जून म्हणजे काय ते वाचकांना ठाऊक आहे. पत्र्यावर पाऊस, खाली चौदा माणसे, आणि टेबलावर एक लहान ध्वनिक्षेपक ज्यातून तानाका-सान काहीतरी पुटपुटत आहेत. पावसाला जपानीत 'ज़ाआज़ाआ' आणि 'शितोशितो' असे अनुकरणवाचक शब्द आहेत, आपल्या 'धो धो' आणि 'रिमझिम'ची भावंडे. ते मात्र आम्ही पक्के शिकलो. तुकडीतल्या एकाला एकूण गुण शंभराच्या पुढे असून श्रवणात १७ मिळाले आणि त्याचे वर्ष गेले. कानाला लावायची साधी यंत्रे घेण्याची सूचना आम्ही तिघांनी लेखी दिली होती. त्यावर काही झाले नाही.

दुसरी तक्रार अर्जाची. परीक्षेसाठी आम्हांला पुणे गाठावे लागते आणि तिथल्या जागा लवकर भरतात. डिसेंबरच्या अर्जाची सूचना वर्गाकडून इतक्या उशिरा आली की दोघींना जागा मिळाली नाही. मी स्वतः रोज संकेतस्थळ पाहत होते म्हणून वाचले. चोर्ला घाटाच्या वळणांतून रात्रभर गाडीत कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हे, घोकत पुण्याला जाणे आणि सकाळी तोंड धुऊन परीक्षेला बसणे, हा अनुभव एकदा घेण्यासारखा आहे, दोनदा नाही. मुक्कामाची सोय आधी करून जावे.

कांजीचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो मला इथे सर्वांत चांगला शिकवला गेला असे वाटते. एका चिन्हाचे दोन वाचनप्रकार असतात, एक चिनी भाषेतून आलेला आणि एक देशी. पाण्याचे चिन्ह एकटे असेल तर 'मिझु', समासात 'सुइ'. इतर तुकड्यांना हे ओझे वाटते. सेन्सेईंनी मात्र त्या एका दिवशी, इंग्रजी सोडून, सहज मराठीत म्हटले, 'आपण नळाला पाणी येतं म्हणतो, पण विजेला जलविद्युत म्हणतो. पाणीविद्युत म्हणतो का?' चौदाही चेहरे उजळले, सासष्टीचेसुद्धा. त्यानंतर कांजीची दहा-बारा चिन्हे आठवड्याला सहज होऊ लागली. दूरध्वनीला जपानी 'देन्वा' म्हणतात, कोरियन 'जॉनह्वा' आणि चिनी 'त्यॅन्ह्वा', म्हणजे संस्कृतातून जसे मराठी, बंगाली, तेलुगू शब्द घडवतात तसे ते चिनी चिन्हांतून घडवतात, हे त्यांनी त्याच तासाला सांगितले. तो तास दीड तास लांबला आणि मला म्हापशाला रिक्षाने जावे लागले, तीनशे रुपये वेगळे.

एन-थ्रीचा वर्ग इथे चालत नाही. मी पुढचा अभ्यास घरीच सुरू केला आहे. नोकरीसाठी महिन्यांत मोजून पातळी गाठायची असेल तर श्रवणाची सोय स्वतः करून इथे यावे, कारण व्याकरणाचा आणि कांजीचा पाया इथे पक्का होतो. बोलण्याच्या सरावासाठी मात्र दुसरीकडे पाहावे. खिडकीजवळची पहिली दोन बाके पत्र्याच्या आवाजापासून दूर आहेत. ती साडेपाचच्या दहा मिनिटे आधी भरतात.

गेल्या महिन्यात सेन्सेईंचा निरोप आला, की 'ते'कारान्त रूपांची मराठी उदाहरणे नव्या तुकडीसाठी लिहून दे. मी बावीस पाने केली आहेत. त्यांनी ती पाहिली आणि परत पाठवली, कारण प्रत्येक पानावर उजव्या बाजूला कोंकणीचा रकाना हवा, आणि तो रोमीत हवा. सध्या शेजारच्या बाकावरची जुनी मैत्रीण आणि मी मिळून तो रकाना भरतो आहोत. 'विसरून बसले' याच्यासाठी तिच्या घरी काय म्हणतात यावर आमचा दोन दिवस वाद चालू आहे.